जिथे कूर्चा, तिथे सूज

१९२३ साली प्रागमधले डॉक्टर रुडॉल्फ याक्श-वार्टेनहॉर्स्ट यांनी ३२ वर्षांच्या एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. बिअर बनवणं हा त्या माणसाचा धंदा. त्याला ताप येई, सांधे सुजत, कान लाल होऊन ठणकत. पुढे नाकाचा दांडाच बसला. या आजाराला आज ‘रिलॅप्सिंग पॉलिकॉन्ड्रायटिस’ म्हणतात. अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या पाहणीत दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण ३.५ नवे रुग्ण आढळले, इतका तो दुर्मीळ.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच कूर्चेवर, म्हणजे कार्टिलेजवर, उलटते. कानाचा वरचा भाग सुजतो, पण पाळी मात्र सुटते, कारण पाळीत कूर्चा नसते. एवढी एक खूण ओळखली तरी जंतुसंसर्ग समजून महिनोन्‌महिने चाललेली रुग्णाची अँटिबायोटिक्स थांबू शकतात. आजार पक्का ठरवणारी रक्तचाचणी नाही. तो उसळतो, शमतो, पुन्हा उसळतो.

सूज आवरायचं काम औषधांचं: स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, गरज पडल्यास बायॉलॉजिक इंजेक्शनं. ते काम फिजिओथेरपीने होत नाही, आणि तशी आशा रुग्णाला कुणी दाखवूही नये. पण सांधे दुखतात म्हणून माणूस अंथरूण धरतो. त्यात स्टेरॉइड दीर्घकाळ चालले की मांड्या-खांद्यांचे स्नायू झिजतात, हाडं ठिसूळ होतात. मग जमिनीवरून उठता येत नाही, जिना चढवत नाही. ही घसरण मात्र व्यायामाने बरीच रोखता येते.

सगळं कौशल्य वेळ ओळखण्यात आहे. आजार उसळलेला असताना सांधा हलका फिरवत ठेवायचा आणि न हलवता स्नायू आवळून सोडायचे, बस्स. उसळी ओसरली की खुर्चीवरून उठबस, चालणं, मग हळूहळू वजन. हाडं ठिसूळ असतील तर कंबरेतून वाकून ओझं उचलणं टाळायचं. आतल्या कानाला झळ लागून चक्कर येत असेल, तर तोल सावरण्याचे आणि नजर स्थिर ठेवण्याचे व्यायाम वेगळे शिकवावे लागतात.

खरी जोखीम श्वासाची. बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला कूर्चेनेच जोडलेल्या असतात. तिथे दुखलं की श्वास उथळ होतो. श्वासनलिका उघडी धरणारी कडीही कूर्चेचीच. ती मऊ पडली की श्वास सोडताना नलिका आत दबते, छातीत शिट्टी वाजते आणि अनेकांवर दम्याचा शिक्का बसतो. अशा वेळी जोर लावून खोकलं किंवा फुंकलं तर नलिका आणखीच मिटते. म्हणून फिजिओथेरपिस्ट ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवतात आणि कफ काढायला जोराच्या खोकल्याऐवजी तोंड उघडं ठेवून ‘हाऽ’ असा हलका फुत्कार करायला लावतात. आपल्याकडे श्वासाचं काही दुखणं म्हटलं की शेजारीपाजारी कपालभाती सुचवतात. त्यात श्वास झटक्याने बाहेर टाकायचा असतो. या रुग्णांनी तो प्रकार डॉक्टरांना विचारल्याखेरीज अजिबात करू नये.

सहा मिनिटांत किती चालता येतं, हे अधूनमधून मोजून व्यायामाचं प्रमाण ठरवता येतं. पण आवाज अचानक घोगरा झाला, गळ्याच्या घाटीवर दाबताच दुखू लागलं किंवा श्वास घेताना घरघर ऐकू आली, तर व्यायाम तिथेच थांबवून लगेच रुग्णालय गाठायचं.