नोंद आणि करार : मोटारविम्यातील एका चुकीचा भाषिक विचार

वाक्यार्थाची चर्चा आपल्याकडे बहुधा काव्यातील किंवा शास्त्रग्रंथांतील वाक्ये घेऊन होते. प्रस्तुत लेखात एका विमाकंपनीच्या पत्रातील वाक्याचा विचार करावयाचा आहे. ते वाक्य असे : ‘आमच्या नोंदीनुसार आपले वाहन विमाकृत नाही.’

हे वाक्य प्रस्तुत लेखकाच्या वाट्यास कसे आले, ते प्रथम सांगितले पाहिजे. मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण मुदतीपूर्वीच झाले होते. हप्त्याची रक्कम बँकेतून कंपनीकडे गेली होती आणि तिची पावतीही हाती होती. चार महिन्यांनी कावळा नाक्यावर वाहतूक पोलिसाने हातातील यंत्रावर गाडीचा क्रमांक घालून पाहिला, तो ‘वाहन’ या शासकीय संगणकीय नोंदवहीत विम्याची मुदत संपलेली! शोध घेता असे आढळले की, दूरध्वनीवरून सांगितलेला नोंदणीक्रमांक लिहून घेताना कंपनीच्या कारकुनाने ४७ च्या जागी ७४ लिहिले होते. ‘एमएच ०९’ हा कोल्हापूरचा संकेत बरोबर, पुढील अक्षरेही बरोबर. चुकीचे मूळ मराठी भाषकास सहज उमगावे. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना आपण सात आधी उच्चारतो, लिहिताना मात्र चार आधी लिहितो; कानामागून चालणारा हात येथे हमखास फसतो. कारकुनाविषयी आमच्या मनात राग नाही. तक्रार आहे ती त्यानंतर आलेल्या पत्राविषयी.

कारण प्रश्न क्षुल्लक नव्हता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ अन्वये तृतीय पक्षाच्या जोखमीचा विमा असल्याखेरीज वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही. कलम १९६ प्रमाणे पहिल्या अपराधास २,००० रुपये, पुढच्यास ४,००० रुपये दंड, अथवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु त्या चार महिन्यांत आपल्या गाडीखाली कोणी सापडले असते तर, हा विचार दंडापेक्षा फार भयंकर होता. नुकसानभरपाई देण्यास कंपनी बांधलेली नसती, तर पगारदार मनुष्याचे घर विकले गेले असते. आणि घर विकूनही मृताच्या कुटुंबाच्या पदरी पुरेसे पडले असते, असे नाही.

आता त्या वाक्याकडे वळू. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व्याख्याने १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वस्तुस्थितीचे वर्णन करणारी वाक्ये आणि उच्चारानेच एखादी गोष्ट घडविणारी वाक्ये, असा भेद त्यांत मांडलेला आहे. (पुढे तो भेद ऑस्टिन यांनीच शिथिल केला, आपल्या कामापुरता तो उपयोगी आहे.) पहिल्यांस कथनवाक्ये व दुसऱ्यांस कृतिवाक्ये म्हणू. ‘ही जोखीम आम्ही पत्करीत आहोत’ हे विमापत्रातील वाक्य कृतिवाक्य होय. कंपनीच्या दप्तरातील नोंद हे त्या कृतीचे कथन. कथन खोटे ठरू शकते. पण कथन खोटे ठरल्याने कृती नाहीशी होत नाही. कंपनीच्या पत्रात ‘नोंद नाही’ येथून ‘विमा नाही’ येथे जी उडी घेतली आहे, ती ‘नुसार’ या एका शब्दयोगी अव्ययाच्या आडोशाने. नोंद लिहिणारी कंपनी, आणि त्या नोंदीची साक्ष काढणारीही कंपनीच.

कायद्याचा रोखही याच दिशेने आहे. १९३८ च्या विमा कायद्यातील कलम ६४ व्हीबी असे सांगते की, हप्ता आगाऊ मिळाल्यावाचून विमाकाराने जोखीम पत्करू नये. कंपन्या या कलमाचा आधार नेहमी घेतात. परंतु त्याच कलमात हेही आहे की, हप्ता मनिऑर्डरने किंवा टपालाने पाठविलेल्या धनादेशाने दिला असता, मनिऑर्डर केल्याच्या अथवा धनादेश टपालात टाकल्याच्या दिवसापासून जोखीम पत्करता येते. आणि एजंटाने घेतलेला हप्ता त्याने, सुटीचे दिवस वगळून, चोवीस तासांच्या आत कंपनीकडे पोचवावा. करार रद्द झाल्यास परत करावयाची रक्कमही थेट विमेदारास दिली पाहिजे. आम्ही कंपनीस एवढेच विचारले : विमा नसेल, तर आमचा हप्ता कोठे आहे?

करार रद्द करणे हीदेखील कृतीच, आणि ऑस्टिन यांच्या मते अशी कृती श्रोत्यापर्यंत पोचल्याविना पुरी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या अखेरीस दिलेला एका बसच्या दाव्यातील निवाडा येथे पाहण्यासारखा आहे. नोव्हेंबर १९८९ मध्ये धनादेश घेऊन विमापत्र दिले गेले, धनादेश वटला नाही, आणि एप्रिल १९९० मध्ये अपघात घडला. विमापत्र दिल्यामुळे तृतीय पक्षाबाबतची जबाबदारी कंपनीस टाळता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. २०१२ च्या निवाड्यात हे अधिक नेमके झाले : विमापत्र रद्द केल्याची सूचना अपघातापूर्वी विमेदारास पोचलेली असली पाहिजे. ‘धाडलेली’ नव्हे, ‘पोचलेली’.

तथापि हे निवाडे सरसकट उद्धृत करणे बरोबर नव्हे. ते तृतीय पक्षाच्या रक्षणासाठी आहेत. धनादेश न वटल्यास विमेदारास स्वतःच्या गाडीची भरपाई मागता येत नाही, असेही त्याच न्यायालयाने २००१ मध्ये म्हटले आहे. आमचा पक्ष बळकट होता तो हप्ता कंपनीस खरोखरच मिळाला होता म्हणून.

राहिला चुकीच्या क्रमांकाचा प्रश्न. कीथ डॉनेलन यांनी १९६६ मधील निबंधात दाखविले आहे की, वर्णन चुकीचे असूनही वक्त्याचा निर्देश अभिप्रेत वस्तूपर्यंत पोचू शकतो. विमापत्रावर चॅसिस क्रमांक व इंजिन क्रमांकही असतात. आमच्या विमापत्रावर ते दोन्ही अचूक होते. म्हणजे कोणती गाडी, याविषयी संदेह उरत नव्हता. पत्रव्यवहारात हाच मुद्दा सर्वांत उपयोगी पडला.

लेखी तक्रारीस महिन्याभरात उत्तर आले नाही, अथवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर विमा लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. कोल्हापूर जिल्हा पुणे कार्यालयाच्या कक्षेत येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे, आणि तेही स्वतःच्या राहत्या ठिकाणी, दोन वर्षांच्या आत तक्रार नोंदविता येते. मात्र तीच तक्रार आयोगापुढे चालू असताना लोकपाल ती घेत नाही. तेव्हा मार्ग आधी निवडावा.

आम्हांस तेथवर जावे लागले नाही. कंपनीने दुरुस्तिपत्र पाठविले. त्यात क्रमांक सुधारला होता, पण दुरुस्ती ‘आजपासून’ लागू होती. म्हणजे मागचे चार महिने उघडेच! विम्यात ‘पासून’ हा शब्द किती भारी असतो, हे न्यायालयीन निवाड्यांतही दिसते : विमापत्रावर वेळ नसेल तर जोखीम त्या दिवसाच्या आरंभापासून धरली जाते, आणि वेळ नोंदलेली असेल तर त्या वेळेपासूनच. आम्ही दुरुस्तिपत्र परत केले. तीन आठवड्यांनी दुसरे आले. त्यात ‘आजपासून’ खोडून मूळ विमापत्राचा दिनांक घातला होता.