लाल रंग डोळ्यांत की डोक्यात?

संक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा हंगाम. अमुक गावात विधवांनाही कुंकू लावलं, ही बातमी आता दरवर्षी येते. सोबत मोबाइलवर ‘लाल रंगाचं मानसशास्त्र’ फिरू लागतं: लाल उत्साह देतो, भूक वाढवतो, आत्मविश्वास जागवतो, वगैरे.

या दाव्यांकडे जरा सबुरीनं बघावं. डरहॅम विद्यापीठाच्या रसेल हिल आणि रॉबर्ट बार्टन यांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये एक निष्कर्ष मांडला. अथेन्स ऑलिंपिकच्या मुष्टियुद्ध, तायक्वांदो आणि कुस्तीत सुमारे ५५ टक्के लढती लाल पोशाखवाल्यांनी जिंकल्या होत्या. शोध जगभर गाजला. २०२३ मध्ये या दोघांसह काही संशोधकांनी सात ऑलिंपिकचे निकाल पुन्हा तपासले, तर लालचा फायदा जवळपास उरलाच नाही. ही दुसरी बातमी मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही!

लाल चटकन नजरेत भरतो, एवढं खरं. पुढचा अर्थ आपण लावतो. दलाल स्ट्रीटवर पडदा लाल झाला की गुंतवणूकदाराच्या पोटात गोळा येतो. शांघायच्या बाजारात लाल आकडे म्हणजे भाव चढले.

कुंकवाचंही तेच. हळदीवर सवागी (टाकणखार) आणि लिंबाच्या रसाची प्रक्रिया झाली की पिवळेपणा जाऊन लाली चढते. पंढरपूरला, करमाळा तालुक्यातल्या केमला यावर अनेक घरं चालतात. त्या पुडीला सधवा-विधवा काही कळत नाही. नवरा गेल्यावर बाईचं कपाळ पुसायला हात पुढे होतात ते आपलेच, आणि बहुतेकदा बायकांचे.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ रोजी हे थांबवायचा ठराव केला: कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. दोनच आठवड्यांत राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. पण परिपत्रक घराच्या उंबऱ्याशी थांबतं. व्यासपीठावर फोटोपुरतं कुंकू लावणाऱ्यांच्या घरच्या बारशाला, डोहाळजेवणाला किती विधवांना ओटी भरायला बोलावतात, ते बघा. कुंकू लावावंच कशाला, हा प्रश्नही रास्त आहे. त्याचं उत्तर जिचं कपाळ तिनं द्यावं.

रथसप्तमीला अजून अवकाश आहे. हळदीकुंकवाची यादी अर्धवट असेल, तर शेजारच्या काकूंचं नाव त्यात घाला, आणि बोलवायला स्वतः जा.