आधी चालवा, मग बुक करा

महिंद्राने बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या चाकणला तयार होणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्या नोव्हेंबर 2024 मध्ये दाखवल्या. टेस्ट ड्राइव्ह जानेवारी 2025 पासून टप्प्याटप्प्याने शहरोशहरी सुरू झाल्या. बुकिंग मात्र 14 फेब्रुवारीला उघडले. आधी चालवून पाहा, मग पैसे भरा, हा क्रम ग्राहकाच्या हिताचाच.

अकोल्यात पारा उन्हाळ्यात 45 अंशांजवळ जातो. त्यामुळे टेस्ट ड्राइव्ह भर दुपारी घ्या. एसी पूर्ण सुरू ठेवा, घरची माणसे मागे बसवा. निघताना चार्जची टक्केवारी आणि किलोमीटर वहीत लिहा. 20 किलोमीटरमध्ये 5 टक्के चार्ज उतरला, तर पूर्ण बॅटरीत गाडी साधारण 400 किलोमीटर जाईल. शहरातच फिरू नका. अमरावतीच्या महामार्गावरही न्या, कारण वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो आणि चार्ज भराभर उतरतो.

ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलताच गाडी आपोआप मंदावते, कारण मोटर तेव्हा उलट वीज तयार करून बॅटरीत भरते. याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. म्हणून घाई करू नका. घरी चार्जरची सोय होईल का, तेही आधीच पाहून घ्या.