अंगठ्याला बसणारी नखी

थंब पिक म्हणजे गिटार वाजवताना अंगठ्यात घालायची नखी. प्लॅस्टिकच्या पट्टीचे वळे अंगठ्याच्या शेवटच्या पेराला वेढा घालते आणि पट्टीचे एक टोक पाते होऊन तर्जनीच्या दिशेने बाहेर निघते. गिटारच्या साऱ्या सामानात यापेक्षा स्वस्त वस्तू फारशा नाहीत. तरीही बोटांनी गिटार वाजवणाऱ्याच्या घरी एखादा जुना डबा हमखास सापडतो. तो न बसलेल्या नख्यांनी भरलेला असतो.

सतारीची नखी मराठी वाचकाला ओळखीची आहे. ती पोलादी तारेची, तर्जनीत घालायची. ढिली वाटली की चिमटीत दाबावी, घट्ट झाली की थोडी फाकवावी, काम झाले. थंब पिक इतके समजूतदार नसते. प्लॅस्टिक दाबले तर दाबले जाते आणि सोडले की मूळ आकारावर परत येते.

या नखीचे काम आधी पाहायला हवे. फिंगरस्टाइल वादनात अंगठा खर्जाच्या तीन तारा सांभाळतो आणि बोटे वरच्या तारांवर सुरावट वाजवतात. अंगठ्याचे आघात एकाआड एक तारेवर, न चुकता पडत राहतात. एकाच वादकाने तबला आणि पेटी दोन्ही धरावीत, तसा हा प्रकार आहे. उघड्या अंगठ्याच्या मांसाचा आवाज मऊ आणि काहीसा बोथट येतो. नख वाढवले तर धातूच्या गुंडाळीच्या तारांवर ते झिजते, चिरते. नखीने आघात टोकदार होतो आणि ठेका ऐकू येतो.

हवाईयन गिटार वाजवणारे अशा नख्या आधीपासून घालत. 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर त्या संगीताची अमेरिकेत लाट आली. पुढचा टप्पा केंटकी राज्यातल्या म्युलनबर्ग या कोळशाच्या खाणींच्या परगण्यात घडला. अर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाकडून केनेडी जोन्सने अंगठ्याची ही रीत उचलली. सतत वाजवून अंगठा सोलवटल्यामुळे त्याने हवाईयन गिटारची नखी वापरायला घेतली, असे सांगितले जाते. जोन्सकडून ही रीत मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली यांच्याकडे गेली. रेगर खाणकामगार, शिवाय न्हावी. या दोघांकडून ती मर्ल ट्रॅव्हिसने (1917–1983) घेतली आणि रेडिओवर नेली. जॉर्जियात राहणाऱ्या चेट अ‍ॅटकिन्सने ट्रॅव्हिसला फक्त रेडिओवर ऐकले, पाहिले नाही. ट्रॅव्हिस अंगठा आणि एकच बोट वापरत होता. ऐकणाऱ्या मुलाला वाटले, इतके सूर म्हणजे निदान दोन-तीन बोटे तरी असणार, आणि त्याने तसेच बसवले. त्या गैरसमजातून एक वेगळी शैलीच निघाली. आज ऑस्ट्रेलियाचा टॉमी इमॅन्युएल तीच परंपरा जगभर वाजवतो, अंगठ्यात नखी घालूनच. म्युलनबर्गमधल्या ड्रेक्सबरो या छोट्या गावात ट्रॅव्हिस, रेगर, एव्हर्ली आणि जोन्स या चौघांच्या नावाचे कारंजे आहे. शुल्ट्झचे नाव त्या चौघांत नाही, हे खटकते.

भारतातही मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारबरोबर ही नखी रुळली. विश्वमोहन भट्ट मोहनवीणा या अशाच गिटारवर अंगठ्यात थंब पिक आणि बोटांत तारेच्या नख्या घालतात.

इतिहास एवढा पुरे, कारण खरी गंमत त्या वळ्यात आहे. नवखा माणूस दुकानात पाते पाहतो. ते जाड की पातळ, टोकदार की गोल, रंग कोणता, याचाच विचार करतो. नखी बसते की नाही हे मात्र पात्यामागची पट्टी ठरवते.

अंगठा गोल नसतो. तो वरून चपटा, खालून फुगीर, आणि सांध्यापाशी पेरापेक्षा रुंद असतो. पट्टी नखाच्या मुळाशी, सांध्याच्या अलीकडे बसायला हवी. तिथे वरच्या बाजूला जवळजवळ हाड आणि खालच्या बाजूला दबणारे मांस, अशी विषम जमीन असते. त्यात अंगठा दिवसभर एकाच मापाचा राहत नाही. उष्म्यात तो फुगतो, थंडीत आकसतो. वातानुकूलित दुकानात नेमकी बसलेली नखी मे महिन्यातल्या मुंबईत दोन गाण्यांत अंगठा आवळू लागते.

घट्ट नखीची खूण सोपी आहे. पाचेक मिनिटांत अंगठ्याचे टोक जांभळट होते, ठणकते. ढिली नखी जास्त फसवी. ती घातल्यावर आरामशीर वाटते, पण खर्जाच्या तारेवर जोराचा आघात होताच पाते तारेत अडकते आणि वळे अंगठ्याभोवती थोडे फिरते. पुढचा आघात तिरका पडतो, त्याच्या पुढचा आणखी तिरका. वादक नकळत अंगठा आखडून नखी धरून ठेवायला लागतो आणि हाताची सारी सैलाई जाते. परीक्षा करायची तर नखी घालून पाते दुसऱ्या हाताने हळूच वर-खाली ढकलावे. नखीबरोबर तिच्याखालची कातडी हलली तर बसली म्हणायची, कातडीवरून नखी सरकली तर नाही. मग किमान वीस मिनिटे वाजवून पाहावे. दुकानात अर्धा मिनिट घातलेली नखी काहीच सांगत नाही.

न बसणारी नखी बसवता येते, पण ती कशाची आहे हे आधी कळले पाहिजे. जुन्या पद्धतीच्या नख्या सेल्युलॉइडच्या. हे प्लॅस्टिक नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांतून तयार होते आणि ओळखायची युक्तीही त्यातच आहे. काचकागदावर जरा घासले की देवघरातला कापराचा वास येतो. सेल्युलॉइड साधारण 80 ते 90 अंश सेल्सिअसला मऊ पडते, म्हणजे चहाच्या आधणाइतक्या पाण्यात काम भागते. अंगठ्याच्या जाडीचा मार्कर पेन किंवा लाकडी दांडी हाताशी ठेवावी. चिमट्याने नखी गरम पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवावी, दांडीवर वळवून कापडाने धरावी आणि तशीच गार पाण्यात न्यावी. दांडीवरून लवकर काढली तर पट्टी उघडते, कारण ती मुळात सपाट पत्र्यातून कापून वळवलेली असते आणि ऊब मिळाली की सपाट व्हायला पाहते. अंगठ्यावरच वळवायचा मोह आवरावा, भाजते. मेणबत्ती किंवा लायटर तर मुळीच नको. सेल्युलॉइड भसकन पेटते.

पॉलिकार्बोनेटची नखी मात्र उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. ते मऊ व्हायला सुमारे 147 अंश लागतात आणि पाणी 100 वर थांबते. डेलरीन नावाने विकले जाणारे प्लॅस्टिकही तसेच हट्टी, वर गुळगुळीत. त्याच्या नख्या तारेवरून छान निसटतात आणि अंगठ्यावरूनही. या दोन्हींत योग्य माप शोधणे हाच मार्ग. फ्रेड केली यांच्या ‘बम्बलबी’ नखीत पाते आणि वळे वेगळे असून पाते पुढे-मागे सरकवता येते. ब्लॅक माउंटनच्या नखीत स्प्रिंग आहे, ती कपड्याच्या चिमट्यासारखी अंगठा धरते. कल्पना उत्तम, पण स्प्रिंगचा दाब काहींना दीर्घकाळ सोसत नाही.

वळे जमले की पाते. बाजारातली पाती सहसा लांब असतात, आणि लांब पात्याचा फटका ट्रॅव्हिस पद्धतीला सर्वांत आधी बसतो. या पद्धतीत तळहाताची कड घोडीपाशी तारांवर हलकेच टेकवून खर्ज दबका ठेवतात. पाते लांब असले की मनगट उचलावे लागते, कड सुटते, आणि खर्ज घुमत राहतो. उपाय कानशीचा: एका वेळी मिलिमीटरभराहून कमी घासावे, वाजवून पाहावे, पुन्हा घासावे. शेवटी बारीक काचकागदाने टोक गुळगुळीत करून जुन्या जीन्सच्या कापडावर चोळावे. कापलेले पाते परत वाढत नाही, म्हणून घाई नको.

एवढे करूनही अडचणी उरतात. मापांना एकच प्रमाण नाही. एका कंपनीचे मध्यम दुसरीचे मोठे निघते. बारीक अंगठ्यांना मध्यमही सैल होते. डावखुऱ्यांना वेगळी नखी लागते आणि ती दर दुकानात मिळत नाही. घामाने निसटणारी नखी धरून ठेवायला कुणी पट्टीच्या आत व्हायोलिनची राळ चोळतात, कुणी औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावतात. राळ दर थोड्या वेळाने लावावी लागते, चिकटपट्टी घामाने सुटते. आवाजाचाही एक प्रश्न आहे: नखीचा खर्ज झणझणीत आणि उघड्या बोटांची सुरावट मऊ, त्यामुळे खर्ज वरचढ होतो. नवशिक्यांत हा दोष फार दिसतो, आणि त्याचा इलाज हलक्या हाताच्या सरावाशिवाय दुसरा नाही. काहींचा अंगठा मागे इतका वाकतो की पाते तारेला समांतर येतच नाही. अशांनी चिमटीत धरायची चपटी नखी आणि उरलेली बोटे एकत्र वापरणे बरे.

शिवाय मनाजोगती बसलेली नखीही टिकाऊ नसते. गुंडाळीच्या तारांवर टोक झिजते, वाकाच्या जागी पट्टीला तडा जातो, कंपनी एखादे माप बंद करते, आणि एखादी नखी गिटारच्या पोटात पडून गाडी चालताना खुळखुळ वाजत राहते. म्हणून एक बसली की त्याच दुकानातून, त्याच मापाच्या निदान चार आणखी घेऊन ठेवाव्यात.