सुराचा कान आणि मोटरचा आवाज

मुलाला पेटी-तबल्याच्या क्लासला घातलं की गणित सुधारतं, पुढे इंजिनिअरिंग सोपं जातं, असा हिशेब बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत नोकरी करणारे कितीतरी पालक मांडतात. त्याला बळ मिळालं 1993 सालच्या एका प्रयोगातून. मोझार्टची रचना 10 मिनिटं ऐकल्यावर कॉलेजच्या विद्यार्थ्यांना आकृत्यांची कोडी जरा बरी सुटली. परिणाम जेमतेम पाव तास टिकला. त्यात लहान मुलं नव्हती, वाद्य शिकणंही नव्हतं. संगीत शिकल्यानं गणिताचे गुण वाढतात, याचा भक्कम पुरावा नंतरच्या काटेकोर अभ्यासांतही मिळालेला नाही.

दुसरा आधार थोरांचा. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झालं. देशाच्या अणुकार्यक्रमाचा पाया घालणारे होमी भाभा केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकले, आणि लहानपणी पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड ऐकत वाढले. पण त्या घरात मोठा ग्रंथसंग्रहही होता. श्रेय एकट्या संगीताला कसं द्यायचं?

मग संगीतातून हाती काय लागतं? माझ्या मते, कान. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाज लाटेसारखा वरखाली होतो. तारा जुळत जातात तशी लाट संथ होते आणि शेवटी नाहीशी होते. शेजारी-शेजारी चालणाऱ्या दोन पंपांपैकी एकाची मोटर मिनिटाला 1480 फेरे घेत असेल आणि दुसरी 1470, तर त्यांचा घुमारा दर 6 सेकंदांनी चढतो-उतरतो. ज्यानं लहानपणी तंबोरा जुळवलाय, त्याला तो चटकन जाणवू शकतो. त्यावरून बेअरिंग गेलं असा निकाल देता येत नाही, त्यासाठी व्हायब्रेशन मीटर हवाच. पण काहीतरी बदललंय, ही शंका आधी कानाला यावी लागते. (असे कान टिकवायचे तर प्लांटमध्ये इअरप्लगला पर्याय नाही.)

आणि संगीतशिक्षण म्हणजे फी भरून लावलेला क्लास, परीक्षा आणि प्रमाणपत्र, हा समज तर आपल्या पालघर जिल्ह्यात टिकायलाच नको. जव्हार-विक्रमगडच्या पाड्यांवर तारपा बनतो तो वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा भोंगा जोडून. सांधे मेणानं बुजवतात. भोकांचं अंतर चुकलं तर सूर चुकतो, सांध्यातून हवा गळली तर वाद्य नीट बोलत नाही. हे बघत वाढलेलं मूल आयटीआयत किंवा पॉलिटेक्निकला येतं, तेव्हा ध्वनी आणि हवेच्या दाबाचा धडा शिक्षकांनी तारपा वर्गात आणूनच शिकवावा.