प्लास्टिकच्या हिरवळीला घाम येत नाही

सुरत-भुसावळ लोहमार्गावर, धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यात नरडाणा हे स्टेशन आहे. गावाजवळून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. अलीकडे तेथे औद्योगिक वसाहतही झाली आहे. एप्रिलच्या अखेरीस शिक्षकांच्या एका छोट्या शिबिरासाठी आम्ही तिकडे गेलो होतो. विषय होता ‘उष्णतेचे संक्रमण’. वहन, अभिसरण, प्रारण हे सगळे फळ्यावर यथासांग झाले. जेवणानंतर क्रीडाशिक्षक असलेले एक गुरुजी जवळ आले आणि म्हणाले, “सर, आमच्या शाळेच्या मैदानावर प्लास्टिकचं गवत टाकून द्यायला एक देणगीदार तयार आहेत. पोरं फुटबॉल खेळतील. घ्यावं का?”

सकाळभर उष्णता शिकवूनही या प्रश्नाचे उत्तर आम्हांला चटकन देता आले नाही. ते आता सवडीने देत आहोत.

गुरुजींना मोह का पडावा हे मैदान पाहिल्यावर समजले. तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन. या मातीतले माँटमोरिलोनाइट जातीचे खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. त्यामुळे पावसाळ्यात बुटाला शेर-शेर चिखल चिकटतो, तर उन्हाळ्यात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात. खेळायला उरतात ते मधले चार-पाच महिने. अशा जमिनीवर बारमाही हिरवा, सपाट गालिचा अंथरला जाणार असेल तर कोण नको म्हणेल?

हा गालिचा आला कुठून?

अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९६५ साली ‘अ‍ॅस्ट्रोडोम’ नावाचे छपराचे क्रीडागार उघडले. आत खरे गवत जगावे म्हणून छपराला पारदर्शक तावदाने बसवली होती. पण त्यांच्या चकाकीत खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून तावदाने रंगवली. प्रकाश अडला आणि गवत मेले. १९६६ साली तेथे नायलॉनचे गवत अंथरले गेले व त्याला ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ हे नाव मिळाले. प्रकाशसंश्लेषणाचा धडा शिकवताना ही गोष्ट अवश्य सांगावी. मुले विसरत नाहीत.

फुटबॉलमध्ये हे गवत शिरले ते इंग्लंडात. क्वीन्स पार्क रेंजर्स या लंडनच्या क्लबने १९८१ साली ते बसवले, पुढे ल्यूटन, ओल्डहॅम आणि प्रेस्टन यांनीही. चेंडू फार उसळे आणि घसरून पडले की गुडघ्याची साल निघे. तक्रारी इतक्या झाल्या की १९९० च्या दशकाच्या मध्यास ही मैदाने तेथील लीगमधून गेली. आज दिसते ते तिसऱ्या पिढीचे गवत. खाली खडीचा निचरा करणारा थर, त्यावर पॉलिएथिलीनची चार ते सहा सेंटिमीटर उंचीची पाती, आणि पात्यांच्या बुडाशी वाळू व जुन्या टायरांचा भुगा. या भुग्यामुळे उसळी आणि पायाखालचा मऊपणा गवताच्या बराच जवळ येतो. २००४ साली फुटबॉलच्या नियमांतही अशा मैदानाला जागा मिळाली.

त्याची खरी ओढ असते ती लहान क्लबांना. खऱ्या गवताचे मैदान आठवड्यात काही तासच खेळ सोसते, मग त्याला विश्रांती लागते. प्लास्टिकला विश्रांती नको. सकाळी शाळेची मुले, दुपारी मुली, रात्री दिव्यांच्या उजेडात तासाच्या भाड्याने हौशी मंडळी. तिकीटविक्रीवर पोट न भरणाऱ्या क्लबाला हे भाडे म्हणजे दुभती गाय. गंमत अशी, की इंग्लंडात खालच्या श्रेणीतून वर चढून मुख्य लीगमध्ये आलेल्या हॅरोगेट टाउन (२०२०) आणि सटन युनायटेड (२०२१) या क्लबांना हेच गवत उखडून खरे गवत लावावे लागले, कारण वरच्या लीगला प्लास्टिक चालत नाही!

आपल्याकडे मुंबईत कूपरेज मैदानावर असे गवत आहे. ज्या कूपरेजवर एकेकाळी रोव्हर्स चषकाचे सामने गाजले, तेथेच २०१५ साली मुंबई एफसी हा संघ आय-लीगचे सामने कृत्रिम गवतावर खेळला. वांद्र्याच्या रेक्लमेशनवर नेव्हिल डिसूझा यांच्या नावाचे मैदान आहे, तेही कृत्रिमच. (१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे, मूळ गोव्याचे, तेच हे डिसूझा.) जिल्हा लीगमधले छोटे छोटे संघ अशा मैदानांवर खेळतात. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, मैदाने मोजकी आणि संघ शेकड्यांनी. तेथे हा उपाय शहाणपणाचा आहे असे आमचे मत आहे. मुंबईत चिखल आणि गर्दी हे दोन शत्रू आहेत. खानदेशात शत्रू तिसराच आहे.

ऊन कुठे जाते?

मे महिन्यात नरडाण्याला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. अशा वेळी दर चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट एवढी सौरऊर्जा पडते. म्हणजे मैदानाच्या प्रत्येक चौरस मीटरवर एक-एक इस्त्री चालू ठेवल्यासारखे. ही ऊर्जा कुठेतरी जायला हवी.

खरे, पाणी घातलेले गवत काय करते? थोडी ऊर्जा परत फेकते आणि उरलेल्यातली बहुतेक पाणी उडवण्यात खर्च करते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४ लाख जूल लागतात; यालाच आपण पाठ्यपुस्तकात अप्रकट उष्मा म्हणतो. खानदेशी उन्हाळ्यात गवताचा एक चौरस मीटर दिवसाला आठेक लिटर पाणी उडवू शकतो. म्हणजे सुमारे १९० लाख जूल. मे महिन्याच्या दिवसभरात त्या जागेवर पडणारे ऊन सुमारे २५० लाख जूल असते. तीन-चतुर्थांश ऊन पाण्याने गिळले! घरोघरी खिडकीत बसवलेला कूलर आणि ओट्यावरचा माठ याच तत्त्वावर चालतात. गवताचे मैदान म्हणजे जमिनीवर आडवा टाकलेला कूलरच.

प्लास्टिकच्या पात्याला मुळे नाहीत, पर्णरंध्रे नाहीत, घाम नाही. ते ऊन परतही थोडेच फेकते. दर हजारांतले नऊशे वॅट तरी शोषते. ही ऊर्जा बाहेर टाकायचे दोनच मोठे मार्ग त्याला उरतात : प्रारण आणि हवेचे अभिसरण. दोन्ही मार्ग पृष्ठभाग हवेपेक्षा बराच तापल्याशिवाय नेटाने चालत नाहीत. हिशेब करून पाहू. हवा ४३ अंश सेल्सिअस आणि वारा मंद असेल, तर प्लास्टिक ७० अंशांवर पोचल्यावर प्रारणाने निव्वळ सुमारे ३०० वॅट आणि हवेकडे सुमारे ५५० वॅट जातात. थोडी उष्णता खाली झिरपते. जमा आणि खर्च साधारण जुळले. म्हणजे मैदान सत्तर अंशांच्या आसपास जाऊन थांबणार.

हा केवळ कागदी हिशेब नव्हे. अमेरिकेत यूटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात एका प्रशिक्षकाच्या तळव्यांना बुटातूनही फोड आले, तेव्हा २००२ साली तेथे मोजणी झाली. जून महिन्यात सकाळी सात ते सायंकाळी सातपर्यंतचे सरासरी तापमान कृत्रिम मैदानावर सुमारे ४७ अंश, डांबरावर ४३, उघड्या मातीवर ३७ आणि गवतावर अवघे २६ अंश भरले. हवा ३७ अंश असलेल्या एका दिवशी प्लास्टिकवर ९३ अंशांची नोंद झाली.

कोणी म्हणेल, मग पाणी मारावे. त्यांनी तेही करून पाहिले. ७९ अंशांवरचे मैदान पाण्याने २९ वर आले, पाच मिनिटांत ४९ वर गेले आणि वीस मिनिटांत ७३ वर. सामन्याचा एक अर्धही पुरा होत नाही तोवर सारे पाणी वाफ होऊन गेलेले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण जाहिरातीत ती कधी येत नाही. कृत्रिम गवताने पाण्याची बचत होते हे खरे आहे. पण गवताचा थंडावा हिरव्या रंगातून येत नाही, पाण्यातून येतो. प्लास्टिकला खऱ्या गवताइतके थंड ठेवायचे ठरवले, तर जवळपास तेवढेच पाणी उडवावे लागेल. पाणी वाचवले की थंडावा गेलाच.

मग खरे गवत लावावे का?

खऱ्या गवताचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडू. फुटबॉलचे पूर्ण मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. दर मीटरला आठ लिटर धरले तर दिवसाला ५७ हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे सुमारे सहा टँकर, रोज! जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दर माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. त्या मापाने हे हजारावर माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. शाळेचे मैदान ६० मीटर बाय ४० मीटरचे धरले तरी दोन टँकर लागतील. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात, तेथे शाळेने मैदानावर टँकर रिते करावेत असे आम्ही तरी सुचवणार नाही. मुलांच्या आयाच विचारतील, आणि त्यांचे बरोबरच असेल.

थोडक्यात, मे महिन्यातल्या दुपारी नरडाण्यात फुटबॉल खेळायचा तर पाणी तरी जाळायला हवे, नाही तर पाय.

हे गुरुजींना सांगत होतो तेव्हा बाजूला उभा असलेला सातवीतला एक मुलगा म्हणाला, “सर, पाय आत्ताच भाजतस.” तो अनवाणी होता. बूट असलेल्या प्रयोगकर्त्याने विसरू नये अशी ही बाब. शिवाय मूल उंचीने लहान, म्हणजे त्याचे डोके तापलेल्या जमिनीच्या अधिक जवळ. खालून येणारे प्रारण आणि वरचे ऊन यांच्या मध्ये ते धावते. २०१४ च्या ब्राझील विश्वचषकात तापमान, दमटपणा आणि ऊन यांचा एकत्रित निर्देशांक ३२ अंशांवर गेला की पाणी पिण्यासाठी खेळ थांबवण्याची तरतूद होती. आपल्या तासाला अशी शिट्टी कोण वाजवतो?

प्लास्टिकच्या आयुष्याचाही प्रश्न आहे. खानदेशातल्या शेतकऱ्याला विचारा, ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात? त्यांत काजळी घातलेली असते, ती अतिनील किरण शोषते आणि नळी तडकू देत नाही. मैदानाची पाती हिरवीच हवीत, तेव्हा त्यांत काजळी चालत नाही. वेगळी संरक्षक रसायने घालतात आणि ती हळूहळू संपतात. आठ-दहा वर्षांत पाती झिजून गालिचा बदलावा लागतो. देणगीदार पहिल्या गालिच्याचे पैसे देतो, दुसऱ्याचे कोण देणार हे आधीच विचारून घ्यावे. टायरचा भुगा तर पूर्ण मैदानाला शंभर टनांच्या घरात लागतो. तो पावसाच्या पाण्याबरोबर आणि मुलांच्या बुटांबरोबर बाहेर पडत राहतो. युरोपीय संघाने २०२३ साली असा भुगा सूक्ष्मप्लास्टिकात धरून २०३१ पासून त्याची विक्री बंद करायचे ठरवले आहे. आपल्या मैदानावरचा भुगा नाल्यात जाईल आणि नाला तापीला मिळेल.

आमचा सल्ला साधा आहे. देणगी घ्यावी, पण मुरमासाठी. काळ्या मातीवर वीतभर मुरूम घालून, पाणी शिंपून रोलर फिरवावा. मधून कडेला शंभर फुटांत एक फूट उतार द्यावा. चिखल आणि भेगा यांतले बरेचसे संकट त्यानेच टळते. मधल्या भागात मुरमावर माती मिसळून हरळी लावावी. होय, तीच हरळी, जी शेतात दिसली की शेतकरी कपाळाला हात लावतो. उष्ण देशांतली नामांकित फुटबॉल मैदाने हरळीच्याच कुळातल्या गवताची असतात. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावरचे कृत्रिम गवत २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी काढले, तेव्हा त्याजागी याच कुळातले गवत लावले होते. आपली हरळी उन्हाळ्यात वाळून झोपी जाते आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा उठते. तिला मे महिन्यात टँकर लागत नाही. त्या काळात खेळ सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर ठेवावा. मुरूमही दुपारी तापतोच.

गालिचा घ्यायचाच असे समितीने ठरवले, तर आधी मुलांकडून एक प्रयोग करवून घ्यावा. कोरडी माती, ओली माती, हरळीचा एक ढेकूळ, डांबरी रस्त्याची कड आणि दारात टाकतात तशी हिरव्या प्लास्टिकची पायपुसणी असे पाच पृष्ठभाग उन्हात ठेवावेत. प्रत्येकावर तापमापीचा फुगा टेकवून दर अर्ध्या तासाला नोंद करावी, आणि फुग्यावर थेट ऊन पडू नये म्हणून पुठ्ठ्याची लहानशी टोपी धरावी. तापमापी प्रयोगशाळेतली, ११० अंशांपर्यंतची घ्यावी. तापाची वापराल तर ती ४२ ला संपते आणि फुटते. ढग आला की प्लास्टिक किती झपाट्याने उतरते आणि माती किती सावकाश, हेही पाहावे. आलेख एकाच कागदावर काढावेत. आकडे आम्ही मुद्दामच देत नाही, कारण नरडाण्याचे आकडे नरडाण्याच्या मुलांनी काढलेले बरे. गुरुजींनी तापमाप्या मोजल्या तेव्हा शाळेत तीनच निघाल्या. आणखी दोन शेजारच्या शाळेतून मागवल्या आहेत.