हलकं कधी, घट्ट कधी?

उभ्या गाडीची पुढची चाकं वळवताना टायरचं रबर जमिनीवर घासत फिरवावं लागतं, म्हणून पार्किंगच्या वेळी स्टेअरिंगला सर्वांत जास्त मदत लागते. तीच गाडी द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरने धावत असेल, तर हाताच्या किंचित हालचालीनेही ती लेन सोडते. तिथे स्टेअरिंग घट्टच हवं.

क्रायस्लरने १९५१ मध्ये इम्पीरियल गाडीत हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग विक्रीला आणलं. हात हलके झाले, पण सुरुवातीच्या या यंत्रणांना वेगाचं भान नव्हतं. १९७० च्या सिट्रोएन एसएममध्ये वेग वाढेल तसं स्टेअरिंग घट्ट होऊ लागलं, तेही तेलाच्या दाबावर. पुढे हे काम इलेक्ट्रॉनिक्सकडे आलं. १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्व्हो गाडीत तर तेल आणि पंप जाऊन विजेची मोटर बसली.

या यंत्रणेचा जीव टॉर्शन बारमध्ये आहे. जेमतेम पेन्सिलीएवढ्या जाडीचा हा पोलादी दांडा स्टेअरिंगचा वरचा आणि खालचा शाफ्ट जोडतो. आपण स्टेअरिंग वळवतो, पण टायर अडवून धरतात, त्यामुळे दांड्याला थोडा पीळ बसतो. शेजारचा टॉर्क सेन्सर तो पीळ मोजतो आणि चालकाने किती जोर लावला, हे कंट्रोल युनिटला कळतं. गाडीचा वेगही तिथेच पोहोचतो. दोन्हींचा मेळ घालून मोटरला किती करंट द्यायचा, ते युनिट क्षणोक्षणी ठरवतं. वेग कमी तर मदत जास्त, वेग जास्त तर मदत कमी. मोटरचा जोर वर्म गिअरमधून स्टेअरिंगच्या कॉलमला मिळतो. काही गाड्यांत मोटर थेट चाकं वळवणाऱ्या रॅकवरच असते.

हायड्रॉलिक पंप इंजिनच्या पट्ट्यावर सतत फिरत राहतो. मोटर मात्र मुख्यतः वळवतानाच वीज खाते, त्यामुळे इंधनही वाचतं.

म्हणून नवी गाडी घेताना शोरूमच्या आवारात स्टेअरिंग किती हलकं फिरतं, एवढ्यावर भुलू नका. मोकळ्या रस्त्यावर, कायदेशीर वेगात ते हातात किती स्थिर राहतं, तेही पाहा. चालताना कधी स्टेअरिंगचा दिवा लागून ते जड झालंच, तर घाबरू नका. सर्वसाधारण गाडीत स्टेअरिंग आणि चाकांचा यांत्रिक जोड कायम असतो, गेलेली असते ती फक्त मदत. दोन्ही हातांनी नेट लावा, वेग उतरवा, गाडी कडेला घ्या आणि दुरुस्ती झाल्याशिवाय पुढचा प्रवास करू नका.